तिसरी ओळ दुसरीच्या आधी

[लालबाग. चाळीची गॅलरी, रात्र.]

रात्री अकरानंतर या खोलीत पंखा आणि कीबोर्ड, एवढेच आवाज उरतात. भिंतीवर ब्राउन पेपर चिकटवलाय. त्यावरची पेन्सिलीची झाडं एका कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामची, आहेत. नोकऱ्या सांभाळून तिघांनी स्वतःची छोटीशी प्रोग्रामिंग भाषा उभी केली आहे.

[स्क्रीन, जवळून.]

लोकलमधल्या टीसीने काय करायचं, ते या तीन ओळींत लिहिलंय. पहिली: पहिला वर्ग, पास कसाही, तर पास हातात घेऊन बघ. दुसरी: वर्ग कोणताही, पास संपलेला, तर दंड. तिसरी: दुसरा वर्ग, पास कसाही, तर जाऊ दे. वरून खाली यायचं, जी ओळ आधी जुळेल ती घ्यायची. अशा नमुन्यांशी जुळवून बघण्याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात, आणि ‘आधी जुळेल ती’ हे त्यात भाषेने दिलेलं वचन असतं.

दुसरा वर्ग, संपलेला पास. यायला हवं ‘दंड’. आलं ‘जाऊ दे’.

मूळ प्रोग्राम शेकडो ओळींचा होता. तिघांतली ही मुलगी एक ओळ खोडते, चालवून बघते, चूक टिकली तर पुढची खोडते. तीन रात्री हेच, शेवटी या तीन ओळी उरल्या. बग शोधणाऱ्याची ही मेहनत एरवी कुणाला दिसत नाही, म्हणून ती आम्ही न कापता दाखवतोय.

[ब्राउन पेपरवर बोट.]

कंपायलर ओळी एकेक करून तपासत बसत नाही, त्यात तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. १९८५ साली संगणकशास्त्रज्ञ लेनार्ट ऑगस्टसन यांनी यावर एक पद्धत मांडली. चांगला डिसिजन ट्री, म्हणजे उत्तरागणिक फांद्या फुटणारं प्रश्नांचं झाड, कसा बांधायचा, ते २००८ मध्ये ल्युक मारांजे यांनी दाखवलं. आधी वर्ग विचारायचा, मग त्या फांदीने जायचं. ‘वर्ग कोणताही’ म्हणणारी ओळ मात्र प्रत्येक फांदीत उतरवायची, आणि तीही आपल्या मूळ क्रमाने.

बोट थांबलंय तिथेच घोळ होता. वर्ग सांगणाऱ्या ओळी आधी गोळा झाल्या, ‘कोणताही’वाली शेवटी जोडली गेली. निरुपयोगी, म्हणजे कधीच जुळू न शकणाऱ्या, ओळींची तपासणी वेगळी, मूळ क्रमावर चालते, त्यामुळे साधी वॉर्निंगही आली नाही.

आता प्रत्येक ओळ आपला मूळ क्रमांक सोबत घेऊन फांदीत उतरते. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना कळवलं आहे.

[पहाट. तीच स्क्रीन.]

पुन्हा चालवते. दंड.