दोन वयांची मुलगी

नवी मुंबईतलं रबाळे स्टेशन, सकाळचे साडेसात. ठाण्याहून आलेली गाडी निम्मी रिकामी होते आणि मुलींचे घोळके एमआयडीसीच्या वाटेला लागतात. पॅकिंग, लेबलिंग, बाटल्यांना झाकणं लावणं. काम ठेकेदाराकडचं, हजेरी रोजची.

यातल्या एकीच्या ओळखपत्रावर वय आहे एकोणीस. ते लग्न होऊन गावी गेलेल्या बहिणीचं. हिला आत्ताच सतरावं लागलंय. अठराच्या आत ठेकेदार घेत नाही, म्हणून बहिणीचं आधार कार्ड पुढे केलं. आता पीएफ कापला जातो तोही बहिणीच्याच नावावर. उद्या मशीनमध्ये बोट सापडलं, तर ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कागदावर जखमी कोण?

खरं तर चौदा पूर्ण झाल्यावर धोकादायक नसलेल्या कामाला कायद्याची आडकाठी नाही. पण त्यासाठी बंधनं पाळावी लागतात, रात्रपाळी देता येत नाही. ही खटपट कोण करणार?

पगारातून घरभाडं जातं, भावाची फी जाते. घरात ती मोठी झाली. शरीराचा प्रश्न आला की मात्र पुन्हा लहान.

पाळी चुकली की मुली मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी आणतात. यात जीवाला धोका आहे. सरकारी रुग्णालयांत 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, पण पोलिसांच्या भीतीने पाय उचलत नाही. भीती खोटीही नाही. अठराखालची मुलगी गरोदर असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं, गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. मात्र सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिचं नाव देण्याची गरज नाही. एवढी मोठी गोष्ट या मुलींपर्यंत पोचत नाही, याचा राग यायला हवा.

इकडे जालन्याकडचं एक स्थळ आलंय. दिवाळीआधी उरकायचं म्हणतात. वस्तीतल्या आशाताई तिला समजावतात, "अठराच्या आत लग्न लावलं, तर वीस पूर्ण होईपर्यंत ते रद्द करायला कोर्टात अर्ज करता येतो."

ती विचारते, "त्याला किती खाडे पडतील, ताई?"

"आधी लग्नच होऊ द्यायचं नाही. 1098 लाव, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. फोनला खाडा पडत नाही."