स्वेटर वर करा आणि श्वास मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात थंडीने पारा दहाच्या खाली उतरला की दवाखान्यांमध्ये खोकल्याची गर्दी होते. यातले बहुतेक खोकले विषाणूंचे असतात. श्वासनळ्या सुजतात, त्याला ब्राँकायटिस म्हणतात. हा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तोवर आपला धीर सुटतो आणि औषधाच्या दुकानातून आपल्याच मनाने अँटिबायोटिक आणलं जातं. विषाणूवर ते काडीचंही काम करत नाही.

संसर्ग आणखी खाली, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत उतरला आणि तिथे पू-पाणी साचलं, की तो न्यूमोनिया. न्यूमोकॉकस नावाचा जिवाणू हे काम बऱ्याचदा करतो. फ्लू आणि आरएसव्हीसारखे विषाणूही करतात. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, मधुमेह आणि लहानग्यांमध्ये कुपोषण त्यांना वाट मोकळी करून देतात.

हे घरी ओळखायचं कसं? लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचं स्वेटर वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघा. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, एक ते पाच वर्षांचं असेल तर चाळीस. श्वास इतके किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, म्हणजे आपण म्हणतो तसं पोट उडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर थेट मोठा दवाखाना. गाडी नसेल तर १०८ लावा.

यासाठी शिक्षण नसलं तरी अडत नाही. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत निरक्षर दायांसाठी मण्यांचं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातलं मिनिट संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र वेगळं असतं. त्यांना ताप येईलच असं नाही. आजोबा जेवेनासे झाले, असंबद्ध बोलू लागले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसवर गेला, तर ते लक्षण गंभीर समजतात.

डॉक्टर छाती ऐकतील, बोटाला ऑक्सिमीटर लावतील, गरज पडली तर एक्स-रे काढतील. रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर भरती व्हावंच लागतं. सौम्य आजारात अमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध पुष्कळदा पुरतं, पण दोन दिवसांत ताप उतरला म्हणून ते मधेच बंद करायचं नाही. एक्स-रेवरची सावली जायला महिना-दीड महिनाही लागतो; माणूस हिंडू-फिरू लागला असेल तर तिची धास्ती घेऊ नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

आणि आज घरी गेल्यावर बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा तीन वेळी पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकॉकसविरुद्धची लस, दिल्याची नोंद त्यावर हवी. एखादा डोस राहिला असेल तर कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.