अभ्यासक्रम लिहायला घ्या, पण शेवटच्या टोकापासून

नमस्कार. विद्यापीठातील एखाद्या विषयाचा अभ्यासक्रम तयार करायचा म्हटले की आपल्यापैकी बहुतेक जण जुना अभ्यासक्रम समोर ओढतात, त्यातले दोन घटक गाळतात, दोन नवे घालतात, खाली संदर्भग्रंथांची यादी जोडतात आणि कागद अभ्यासमंडळाकडे पाठवून मोकळे होतात. असा अभ्यासक्रम मंजूर होतो, यात शंका नाही. पण सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता यायला हवे, हे त्यात कुठेच सापडत नाही. आज आपण सुरुवात तिथूनच करणार आहोत.

हा विचार जुनाच आहे. आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील राल्फ टायलर यांनी अभ्यासक्रम रचणाऱ्यासाठी चार प्रश्न मांडले: उद्दिष्टे कोणती, त्यांसाठी विद्यार्थ्याला कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने द्यायचे, आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे तपासायचे. पुढे १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टांच्या पायऱ्या आखल्या: माहिती आठवण्यापासून ती वापरण्यापर्यंत आणि तिचे मूल्यमापन करण्यापर्यंत. त्या पायऱ्या बी.एड. केलेल्या कोणालाही पाठ असतात. अभ्यासक्रम लिहिताना त्या आठवतातच असे मात्र नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी ‘बडोदे संस्थानातील शिक्षण’ असा विषय आखायचा आहे. नेहमीच्या पद्धतीने आपण लिहू: ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व विद्यार्थ्याला समजेल.’ समजले की नाही, हे कोण आणि कसे ठरवणार? त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘१८९३ साली अमरेली भागात सुरू झालेला प्रयोग आणि १९०६ साली संस्थानभर लागू झालेली सक्ती यांचा साक्षरतेवर काय परिणाम झाला, हे विद्यार्थी १९०१ आणि १९११ च्या जनगणनेतील तक्ते वाचून दोन पानांत पुराव्यासह मांडेल.’ वाक्य लांबले खरे, पण त्यातून पुढचा सगळा अभ्यासक्रम आपोआप उलगडत जातो. तक्ते वाचायचे, तर ते वाचायला शिकवणारे दोन-तीन तास हवेत. शिवाय साक्षर कोणाला म्हणायचे, याची कसोटी दोन्ही जनगणनांत सारखी नव्हती. १९११ साली मित्राला पत्र लिहिता येणे आणि त्याचे उत्तर वाचता येणे ही कसोटी धरली गेली. म्हणजे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही, आणि हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लक्षात यावे यासाठी वर्गात चर्चेला वेळ राखावा लागेल. तो वेळ काढायचा, तर गव्हर्नर-जनरलांच्या शैक्षणिक धोरणांवरचा अख्खा घटक गाळावा लागेल. माझ्या मते तो खुशाल गाळावा.

आता तासांचा हिशेब. तात्त्विक विषयाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १५ तास, म्हणून चार श्रेयांकांच्या विषयाला ६० तास मिळतात, कागदावर. बडोद्यात नवरात्रीच्या दिवसांत रात्रभर गरबा खेळून आलेला वर्ग सकाळी पहिल्या तासाला किती भरतो, हे आपण सारे जाणतो. त्यापाठोपाठ दिवाळीची सुट्टी येते, आणि दुसऱ्या सत्रात उत्तरायणाचे दोन दिवस पतंगांचेच असतात. म्हणून घटक ५० तासांतच बसवावेत, उरलेले तास उजळणीसाठी आणि विद्यार्थ्यांच्या लेखनावर बोलण्यासाठी मोकळे ठेवावेत, आणि सर्वांत अवघड घटक नवरात्रीच्या तोंडावर कधीही ठेवू नये.

मूल्यमापनाकडे मात्र अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण चांगला अभ्यासक्रम बहुधा इथेच फसतो. उद्दिष्टात ‘पुराव्यासह मांडेल’ असे लिहायचे आणि सत्रान्त परीक्षेत ‘सक्तीचे शिक्षण: टीप लिहा’ असा प्रश्न काढायचा, तर विद्यार्थी उद्दिष्टाकडे पाहणारच नाही, तो बाजारातल्या गाईडमधली टीप पाठ करील, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. त्यामुळे घटकांची यादी करण्याआधी नमुना प्रश्नपत्रिका तयार करावी आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, हे लिहावे. ज्या उद्दिष्टासमोर एकही प्रश्न किंवा अंतर्गत मूल्यमापनातले एकही काम येत नाही, ते उद्दिष्ट खोडावे किंवा प्रश्नपत्रिका बदलावी.

संदर्भग्रंथांबाबत थोडक्यात: यादीतले प्रत्येक पुस्तक आपल्या विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात किंवा विभागाच्या कपाटात आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे, आणि प्रत्येक आठवड्यासमोर नुसते ग्रंथाचे नाव न देता वाचायची पाने द्यावीत.

अभ्यासमंडळाने मंजूर केलेला मजकूर तुम्हाला एकट्याने बदलता येत नाही. पण आठवडावार आराखडा, वाचनाची पाने, अंतर्गत कामांच्या तारखा आणि गुणदानाचे निकष हे बहुतांशी शिकवणाऱ्याच्या हातात असते. ते सारे एका कागदावर स्पष्ट भाषेत लिहून पहिल्याच तासाला वर्गाला द्यावे, आणि उशिरा आलेल्या कामाचे काय होणार, हेही त्यातच सांगून टाकावे, म्हणजे सत्राच्या शेवटी त्यावरून वाद होत नाहीत.