आधी विचारा, मग हात लावा

(न्यू जर्सीत मराठी महिलांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, शब्दांकन करताना थोडं आटोपशीर केलेलं.)

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय ‘सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, कसं व्हावं’. अर्ज कुठे करायचा, फी किती, हे राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर आहे आणि अधूनमधून बदलतं, ते मी वाचून दाखवत बसणार नाही. मी नर्स आहे आणि या परीक्षेला बसणाऱ्यांना शिकवते. आपल्या बायका लेखी पेपरात सहसा अडकत नाहीत. त्या अडकतात प्रात्यक्षिकात, आणि तेही नेमक्या त्या कामांत, जी त्यांनी घरी सासू-सासऱ्यांसाठी वर्षानुवर्षं केलेली असतात. असं का होतं, ते मला आज सांगायचंय.

आधी थोडा कायदा. इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडच्या डॉक्टरांचा दहा खाटांचा दवाखाना नव्हे. घरी सांभाळणं शक्य राहिलं नाही अशी माणसं, बहुतेक म्हातारी, इथे महिनोन्महिने राहतात. कित्येकांचं उरलेलं आयुष्य इथेच जातं. त्यांची आंघोळ, कपडे, जेवण, संडास, कूस बदलणं, नाडी बघणं हे सगळं नर्सच्या देखरेखीखाली सीएनए करते. औषधं मात्र तिनं द्यायची नाहीत. ज्या राज्यांत तशी सोय आहे तिथे त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. 1980 च्या दशकात या ठिकाणी फार आबाळ चालायची. माणसांना खुर्चीला बांधून ठेवायचे, गुंगीची औषधं देऊन गप्प बसवायचे. 1986 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला, आणि डिसेंबर 1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात नर्सिंग होमच्या सुधारणा आल्या. नर्स एडला, म्हणजे सीएनएला, किमान 75 तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि प्रत्येक राज्यात त्यांच्या नावांची एक रजिस्ट्री, हे सगळं तिथून सुरू झालं.

त्या नियमात एक बारीक तरतूद आहे, ती मला फार आवडते. तिथल्या रहिवाशाला हात लावण्याआधी 16 तास शिकायचे, आणि काय शिकायचं तेही ठरलेलं: माणसाशी बोलायचं कसं, संसर्ग टाळायचा कसा, अपघात झाला किंवा घशात घास अडकला तर काय करायचं, त्याचं त्याला जे करता येतं ते त्याला कसं करू द्यायचं, आणि त्याचे हक्क कसे जपायचे. पाचातले तीन विषय निव्वळ वागण्याचे आहेत. चादर बदलणं त्यानंतर!

75 हा तळ झाला. त्यावर राज्यं आपापली भर घालतात. आपल्या न्यू जर्सीत 90 तास, 50 वर्गात आणि 40 प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये 100, इलिनॉयमध्ये 120, कॅलिफोर्नियात 160. लायसन्स मिळतं का, असं सगळ्या विचारतात. न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटमध्ये खरंच लायसन्स देतात. बाकी बहुतेक ठिकाणी राज्याच्या रजिस्ट्रीत तुमचं नाव चढतं आणि नोकरी देणारा ते तपासतो. तुमच्यावर मारहाण, हेळसांड किंवा चोरीचा ठपका सिद्ध झाला तर तोही त्याच रजिस्ट्रीत चढतो आणि सहसा कायमचा राहतो.

न्यू जर्सीत आणखी एक घोळ होतो. घरोघरी जाऊन काम करणाऱ्या होम हेल्थ एडचं प्रमाणपत्र वेगळं. ते नर्सिंग बोर्ड देतं, 76 तासांचं असतं आणि नर्सिंग होममधल्या नोकरीला चालत नाही. वर्गाचे पैसे भरण्याआधी आपण कशासाठी भरतोय आणि त्या वर्गाला राज्याची मान्यता आहे का, ते बघा. माझ्याकडे आलेल्या एकीनं मान्यता नसलेल्या वर्गात पैसे घालवले होते. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आता प्रात्यक्षिकाकडे येते. केंद्रीय नियमानुसार परीक्षेत निदान पाच कामं चिठ्ठी काढल्यासारखी येतात. घरात सगळ्या करतात ते एक काम घेऊ, माणसाला भरवायचं.

तुम्ही ताट घेऊन खोलीत जाता. आधी दारावर टकटक, मग आपलं नाव सांगायचं. ताटावरच्या चिठ्ठीतलं नाव बघून त्या बाईंना त्यांचं नाव विचारायचं, कारण एकीचं पथ्याचं जेवण दुसरीकडे गेलं तर जिवावर बेतू शकतं. पलंगाचा वरचा भाग उचलून त्यांना जवळजवळ ताठ बसवायचं. त्यांचे हात पुसायचे. लक्षात घ्या, भरवणार तुम्ही, तरी हात पुसायचे त्यांचे. मग खुर्ची ओढून समोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसायचं. उभ्यानं भरवायचं नाही. ताटात काय काय आहे ते सांगायचं आणि विचारायचं, आधी काय खाणार? घास दिला की थांबायचं. पुढचा देऊ का, हे विचारायचं. मधे पाणी विचारायचं. तोंड आणि हात पुसून झाले की कॉल बेल त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवायची. मग तुमचे हात धुवायचे आणि किती खाल्लं ते लिहायचं.

आपली बाई काय करते? ती मायेनं भरवते. डाळ-भात कालवते तसं सगळं एकत्र करते, पलंगाशी उभी राहते आणि ‘हं, आ करा, एवढाच घास’ म्हणत भराभर देते. पोट भरतं, प्रेमही असतं, आणि ती नापास होते. परीक्षक तिच्या हातातली सफाई मोजत नाही. समोरच्या माणसाला तिनं काही विचारलं का, हे तो बघत असतो.

आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की त्याचा निर्णयाचा हक्क आपण हळूच काढून घेतो. ‘चला अप्पा, आंघोळ.’ अप्पांना आत्ता आंघोळ करायची आहे का, हे कोण विचारतं? सदऱ्याची बटणं लावायला त्यांना दहा मिनिटं लागतात, म्हणून आपणच दोन मिनिटांत लावून टाकतो. याला आपण सेवा म्हणतो. इथे तीच गोष्ट चूक ठरते, आणि मला विचाराल तर बरोबरच ठरते. लकवा झालेल्या माणसाचे कपडे बदलताना कमजोर हाताची बाही आधी घालायची आणि काढताना शेवटी काढायची, हे तर सगळ्यांना जमतं. त्याआधी दोन शर्ट दाखवून ‘कुठला घालू?’ हे विचारायला मात्र विसरतात. पडदा ओढायला विसरतात, कारण बंद खोली असली की आडोसा झाला असं आपल्याला वाटतं. उठवण्याआधी व्हीलचेअरचे ब्रेक लावायला विसरतात. तो मात्र सरळ धोका आहे, आणि तिथे दयामाया नाही.

दुसरी अडचण बोलायला अवघड आहे, पण बोलते. ‘इंजिनिअर नवऱ्याची बायको आणि लोकांची घाण काढणार?’ हे वाक्य मी याच हॉलच्या जेवणाच्या रांगेत ऐकलंय. अंगाच्या कामाबद्दलची ही किळस आपण मायदेशातून सामानात भरून आणली आहे, आणि ती कुठल्या उतरंडीतून आली ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या दवाखान्यांत ज्यांना मावशी आणि मामा म्हणतात त्यांना आपण कधी त्यांचं नाव विचारलं? कामाचे पैसे इथेही फार नाहीत. मे 2023 च्या सरकारी आकडेवारीत देशभरातला मधला वार्षिक पगार साधारण 38,000 डॉलर होता. पाठ दुखते, रात्रपाळी असते, ते लपवत नाही. पण नर्सिंगला पुढे जायचं असेल तर यापेक्षा चांगली पहिली पायरी मला माहीत नाही.

पैशांवरून आठवलं. मेडिकेअर-मेडिकेडचे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनांचे, पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमनं तुम्हाला आधीच नोकरीवर घेतलं असेल किंवा तसा शब्द दिला असेल, तर प्रशिक्षणाचे, पुस्तकांचे, परीक्षेचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. आणि स्वतः भरून शिकलात नि 12 महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलात, तर खर्च परत मिळण्याची सोय राज्यानं करायची असते. ती मागावी लागते.

नावाचं प्रकरण आजच तपासा. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर सासरचं, आणि मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. परीक्षेच्या दारात ओळखपत्र आणि अर्ज जुळला नाही तर आत सोडत नाहीत. बोटांचे ठसे आणि गुन्ह्यांची तपासणीही होते, त्यातही हा घोळ नको.

आता शेवटचा प्रश्न, मागच्या रांगेतून चिठ्ठीवर आलाय: ‘मी एच-फोरवर आहे, आत्ताच परीक्षा देऊन ठेवू का?’ एच-फोर म्हणजे इथे नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. शिकायला एच-फोरवर अडचण नाही. पगार मात्र ईएडीशिवाय, म्हणजे काम करण्याच्या परवान्याशिवाय, घेता येत नाही, आणि 2015 च्या नियमानुसार तुम्हाला ते साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-140 हा अर्ज मंजूर झाल्यावरच मागता येतं. आता दुसरा नियम त्याच्या शेजारी ठेवा: सलग 24 महिने पगारी काम केलं नाही तर प्रशिक्षण किंवा परीक्षा पुन्हा. म्हणजे आज पास झालात आणि ईएडी तीन वर्षांनी आलं, तर हातात काहीच उरणार नाही. फुकट प्रशिक्षणाची सोयही नोकरीला जोडलेली, ती तुम्हाला आत्ता लागू होणार नाही. तेव्हा ताई, फी भरू नका. आय-140 कुठवर आलाय ते आज रात्री नवऱ्याला विचारा, आणि ईएडी हातात पडलं की आधी नर्सिंग होमच्या दारात जा, वर्गाच्या दारात नंतर.