सर, तुम्ही कुठे होतात?

तुमच्यापैकी बरेच जण या मोसमात पहिल्यांदा शिट्टी घेऊन मैदानात उतरणार आहात. फुटबॉलच्या नियमपुस्तकातले १७ नियम तुमचे पाठ आहेत, परीक्षाही झाली आहे. त्यामुळे आज मी नियमांवर फारसं बोलणार नाही. माझ्या हातून बिघडलेल्या एका सामन्याबद्दल बोलणार आहे. त्या दिवसाने मला जे शिकवलं, ते मला कुठल्याच शिबिरात मिळालं नव्हतं.

हौशी खेळाडूंची साधी लीग मॅच होती. पंच मी एकटाच. दोन्ही बाजूंच्या रेषांवर दोन क्लबांचे स्वयंसेवक होते. बॉल बाहेर गेला की झेंडा वर करायचा, एवढंच त्यांचं काम. ७१व्या मिनिटाला स्कोअर १-१ होता. एका संघाला कॉर्नर मिळाला. गोलरक्षकाने तो हवेतच पकडला आणि पुढच्याच क्षणी लांब किक मारली. मी त्याच गोलसमोरच्या बॉक्सच्या, म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या, कडेला उभा होतो. मोठ्यांचं मैदान ९० ते १२० मीटर लांब असतं हे तुम्हाला माहीत आहे. बॉल त्या टोकाला पोचला तेव्हा मी मधली रेषा नुकतीच ओलांडत होतो, म्हणजे चाळीसेक मीटर मागे. पाय दमले होते आणि मी सरळ रेषेत धावत होतो, खेळाच्या अगदी पाठीमागून.

मला दोन पाठी दिसल्या. स्ट्रायकरची आणि त्याच्या मागे ५ नंबरच्या बचावपटूची. ५ नंबरने घसरत टॅकल केला, स्ट्रायकर पडला, ओरडला. मी शिट्टी वाजवली आणि हात पेनल्टीच्या जागेकडे केला.

आता इथे जरा थांबूया, कारण खरी गोष्ट या दोन सेकंदांत आहे. स्ट्रायकर पडला तेव्हा बॉल कुठे गेला? तो पुढे गेला नाही. आडवा, कॉर्नरच्या झेंड्याकडे गेला आणि बाहेर न जाता आतच थांबला. हे मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांनी नीट पाहिलेली त्या प्रसंगातली एकच गोष्ट ती. गोलच्या दिशेने पळणाऱ्या माणसाच्या पायातला बॉल एकदम आडवा जातो, तेव्हा बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी पाय त्याला लागलेला असतो. बॉलला पाय लागला म्हणजे फाउल नाहीच, असंही नाही. आधी माणसाला उडवून मग बॉल मिळवला तर तो फाउलच. पण आधी काय झालं, हे मला कळायला मार्ग नव्हता. मध्ये पाठी होत्या. तरीही मी शिट्टी वाजवली.

का वाजवली, याचं उत्तर ७१व्या मिनिटाचं नाही, १२व्या मिनिटाचं आहे. १२व्या मिनिटाला याच ५ नंबरने मागून उशिरा टॅकल केला होता. बॉल निघून गेला होता आणि बुटाचे स्टड पोटरीला लागले होते. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेपर्वाई असेल तर पिवळं कार्ड, हे तुम्हाला माहीत आहे. तो टॅकल बेपर्वाच होता. पण मॅच आत्ताच सुरू झाली आहे, एवढ्यात कार्ड कशाला, असं म्हणून मी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात समज दिली. मला वाटलं, मी समजूतदारपणे वागलो.

कार्डं आली कशी, ते आठवून पाहा. १९६६च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामना इतका गोंधळाचा झाला की कुणाला ताकीद मिळाली आणि कुणाला नाही, हे खेळाडूंनाही नीट समजलं नव्हतं. त्यानंतर इंग्लंडचे पंच केन अॅस्टन यांना रस्त्यावरच्या सिग्नलवरून पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली. १९७०च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. म्हणजे कार्ड हे मुळात सगळ्यांना एकाच वेळी दिसावं म्हणून आलं आहे. मी हळू आवाजात दिलेली समज एकट्या ५ नंबरने ऐकली. बाकीच्या एकवीस जणांना एवढंच दिसलं की त्याला काहीच झालं नाही. मग पुढचा तासभर एक संघ माझ्या कानाशी तेच बोलत राहिला. "सर, तो पाच नंबर कुणाचा तरी पाय मोडणार." "सर, बघताय ना?" मी चिडलो नाही, उत्तरही दिलं नाही. पण ते आत झिरपत होतं. ७१व्या मिनिटाला तो घसरला तेव्हा माझ्या डोक्यात त्याचा निकाल आधीच लागलेला होता. न दिलेल्या कार्डाची वसुली मी पेनल्टीने केली. हे वाक्य उच्चारायला मला बरीच वर्षं लागली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. गोल होण्याची स्पष्ट संधी अडवली, पण बॉल खेळण्याचा प्रयत्न होता, म्हणून २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे लाल न देता पिवळं दिलं. चार जण अंगावर आले, दोघांची नावं वहीत गेली. त्यांच्यातल्या एकाने आईवरून शिवी दिली, त्याला लाल कार्ड दाखवलं. ते लाल कार्ड बरोबरच होतं, यात मला आजही शंका नाही. माझी चूक होती म्हणून शिवीला सूट मिळत नाही. चांगली, तरुण माणसं या शिव्यांमुळे शिट्टी खाली ठेवतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला कुणी शिवी दिली तर नियमाप्रमाणे वागा आणि त्याबद्दल अजिबात अपराधी वाटून घेऊ नका.

पण त्या गोंधळात एक जण ओरडला नाही. ५ नंबरच्या संघाचा कर्णधार, जो त्यांचा गोलरक्षकही होता. तो माझ्यासमोर आला, हातमोजे काढून बगलेत धरले आणि विचारलं, "सर, तुम्ही कुठे होतात?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो समोरून सगळं पाहत होता आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात मी कुठेच नव्हतो. मी म्हणालो, "मी स्पष्ट पाहिलंय. जागेवर जा." तो गेला. पेनल्टी झाली, गोल झाला, सामना २-१ असा संपला.

त्या घडीला माझ्या हातात काय होतं, ते सांगतो. पंचाचा निर्णय अंतिम असतो हे आपण सगळे जाणतो, पण तो बदलता येत नाही तो खेळ पुन्हा सुरू झाल्यावर. शिट्टी आणि पेनल्टीची किक यांच्यामध्ये माझ्याकडे तीन-चार मिनिटं होती. मी निर्णय मागे घेऊ शकलो असतो. मग ड्रॉप बॉल झाला असता, म्हणजे मी बॉल हातातून खाली सोडून खेळ पुन्हा सुरू केला असता, आणि खेळ पेनल्टी क्षेत्रात थांबलेला असल्यामुळे बॉल गोलरक्षकालाच द्यावा लागला असता, म्हणजे मला प्रश्न विचारणाऱ्या त्याच माणसाला. पुस्तकाने मला वाट दिली होती. मी "स्पष्ट पाहिलंय" म्हणालो आणि ती वाट माझ्या हाताने बंद केली.

घरी येऊन लाल कार्डाचा अहवाल लिहायला बसलो. घटनाक्रम लिहिताना "पंचाने पाहिले की" इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. पुढे काय लिहायचं? मी काय पाहिलं होतं? दोन पाठी, एक पडलेला माणूस, आडवा गेलेला बॉल. बाकीचं मी जुळवलं होतं. चूक कुणाकडूनही होते. पण न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं, ते एका खेळाडूच्या तोंडावर सांगणं, हे मला त्या रात्री झोपू देईना.

२०१०च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलंड्सच्या नायजेल डी याँगचा बूट स्पेनच्या शाबी आलोन्सोच्या छातीवर बसला होता. पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळं कार्ड दिलं. नंतर त्यांनी जाहीरपणे सांगितलं की त्यांच्या नजरेआड काही भाग गेला होता आणि ते लाल कार्डच होतं. जगातल्या सर्वात मोठ्या सामन्याचा पंच असं बोलतो, तेव्हा त्याची पत कमी होते असं मला वाटत नाही. माझ्या मनातली तरी वाढलीच.

त्या दिवसानंतर मी सामन्याच्याच संध्याकाळी वहीत लिहायला लागलो. निर्णय बरोबर की चूक, हे लिहीत नाही. ते बहुतेक वेळा कळतच नाही, आपल्याकडे रीप्ले नसतो. मी कुठे उभा होतो, डोळ्यांनी काय दिसलं आणि मनाने त्यात काय भरलं, हे लिहितो. काही आठवड्यांतच एक गोष्ट उघड झाली. मन जिथे जास्त भरत होतं, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी मी खेळाच्या बरोब्बर मागे असायचो. अंतर हा प्रश्न नव्हता, कोन होता. वीस मीटरवरून बाजूने जे दिसतं ते दहा मीटरवरून पाठीमागून दिसत नाही. म्हणून आता कॉर्नरला गोलरक्षकाच्या हातात बॉल स्थिरावला की मी त्याच्याकडे बघत बसत नाही, निघतो. आणि सरळ न धावता बाहेरच्या बाजूने वळण घेऊन धावतो. चार पावलं जास्त पडतात, पण दोघांमधली फट दिसते.

तरीही काही वेळा दिसत नाही. न दिसलेलं द्यायचं नाही असं ठरवलं की कधीतरी खरा फाउलही सुटतो आणि ज्याचा सुटतो त्याच्यावर अन्याय होतो. याला माझ्याकडे औषध नाही.

त्याच मोसमात परतीचा सामना माझ्याकडे आला. ८० मिनिटं होत आली होती. त्याच गोलरक्षकाच्या संघाचा एक पोरगा समोरच्या बॉक्समध्ये पडला. मी या वेळी जवळ होतो, पण ऐन वेळी दोघं मध्ये आले. मी हाताने खेळ चालू ठेवायची खूण केली. बराच आरडाओरडा झाला. थोड्या वेळाने बॉल बाहेर गेला तेव्हा मी मागे येत होतो आणि तो कर्णधार बॉक्सच्या बाहेर येऊन उभा होता.

"सर, मघाशी पेनल्टी होती का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मध्ये दोघं होते. मला दिसलं नाही."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, हातमोज्यांचे पट्टे घट्ट केले आणि गोलकडे परत गेला.