बेचाळीस नंबर कोणाचा?

(गोव्यातल्या फोंडा येथे डिझाइन आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझी मावशी वाळपईजवळ राहते. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिला डोळे तपासायला मी एका दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथे टोकनचं नवं कोरं यंत्र बसवलेलं होतं. मी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला खाली गेले, परत येऊन पाहते तर मावशी चिठ्ठी मुठीत धरून तशीच बसलेली आणि तिचा नंबर होऊन गेलेला. यंत्र ‘फॉर्टी टू’ म्हणालं होतं. मावशी ‘बेचाळीस’ची वाट पाहत होती. पडद्यावर आकडा झळकला असणार, पण डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाला तो दिसायचा कसा? डोळ्यांच्याच दवाखान्यात!

अशी यंत्रं, पाट्या, पडदे आखणं हा माझा व्यवसाय आहे. हे यंत्र आखणाऱ्यांच्या मनात मावशीबद्दल आकस नव्हता. त्यांच्या टेबलापाशी मावशीसारखं कोणी नव्हतं, एवढंच. मी अशा टेबलांपाशी पुष्कळ वर्षं बसले आहे. सगळे शहरात वाढलेले, इंग्रजीत विचार करणारे, धडधाकट. आम्ही एकमेकांनाच विचारायचो, ‘समजतंय ना?’ आणि एकमेकांनाच सांगायचो, ‘समजतंय.’

आता रॅम्पचं घ्या. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी उतार जास्तीत जास्त 1:12, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी, हे तुम्ही दुसऱ्या वर्षातच शिकता. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर उंची, म्हणजे किमान 5.4 मीटर लांबीचा रॅम्प. आता आपल्या गावातल्या कुठल्याही इमारतीपाशी टेप घेऊन जा. दोन मीटरांत कोंबलेला उतार सापडेल, त्यावर दुचाकी लावलेली असेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. 2023च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, अपंग व्यक्तींसाठीचा उत्सव, भरला. कायदा आहे, उत्सव आहे. पण तो उतार कागदावर आखला गेला तेव्हा चाकाच्या खुर्चीतलं एखादं माणूस त्या खोलीत असतं, तर दोन मीटरांची रेघ पुसायला कायद्याची गरज पडली नसती.

मग ते माणूस किंवा मावशीसारख्या घरातलं मूल त्या खोलीत का नाही? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत बहुतेक ठिकाणी मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून इंग्रजी. त्या उडीत अडखळलेलं मूल पुढे यूसीडची, म्हणजे डिझाइनच्या पदवी-प्रवेश परीक्षेची, इंग्रजी प्रश्नपत्रिका हातात घेतं. तरीही ते आत आलं, समजा. मग लॅपटॉप. मग इंटर्नशिप, पुष्कळदा बिनपगारी. पणजीत खोलीचं भाडं भरून सहा महिने फुकट काम कोण करू शकतं? सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातली मुलगी करू शकत नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचं म्हटलं तर तिची शेवटची बस जाते. तिला आपण ‘होतकरू आहे, पण वेळ देत नाही’ असा शेरा देतो. फुकट राबवून घेणं ही माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत मोठी गाळणी आहे, आणि ती आपणच बसवली आहे. पोर्टफोलिओ, मुलाखत, बोलण्यातला सफाईदारपणा हे त्याच्या पुढचं.

आणि जे खोलीबाहेर राहिले, त्यांना डिझाइन येत नाही असं समजू नका. कुणबी बाईचं लुगडं पाहा. चौकडीचं, गुडघ्यापर्यंत आखूड, खांद्यावर गाठ मारलेलं. शेतात चिखलात वाकून भात लावताना काठ भिजू नये, पदर सुटू नये, हात मोकळे राहावेत, एवढं सगळं एका न शिवलेल्या कापडात बसवलेलं आहे. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे लुगडं पुन्हा लोकांसमोर आणलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण ती गाठ ज्या बायांनी शोधली, त्यांना आपण ‘परंपरा’ म्हणतो आणि आपल्याला ‘डिझायनर’. 2003पासून गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा आहे. आज या सभागृहात त्या घरांतली मुलं किती आहेत, हे मी हात वर करायला लावून विचारणार नाही. तुम्ही मनात मोजा.

मावशीकडे परत येते. त्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी तसंच यंत्र आखायचं काम माझ्याकडे आलं. मी मावशीला सोबत नेलं, चाचणीसाठी. आवाज मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत. मला वाटलं, झालं काम. तिने ऐकलं आणि म्हणाली, ‘अगो, बेचाळीसच्या आधीच सांग ना, आता बेचाळीस नंबर येणार म्हणून. गुडघे धरून उठायला मला वेळ लागतो.’

आमच्यापैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं. आता ते यंत्र दोनदा बोलतं. मावशीचा दिवस मोडला होता, बसने येऊन-जाऊन; तिला मी माझ्या खिशातून पैसे दिले, कारण अंदाजपत्रकात तशी ओळच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक अंदाजपत्रकात मी ती ओळ घालते: वापरून पाहणाऱ्यांचं मानधन आणि प्रवासखर्च. खर्च कमी करायची वेळ आली की सगळ्यांत आधी तीच खोडायला सांगतात, आणि दर वेळी मी त्यांना त्या दवाखान्यातला ‘फॉर्टी टू’ ऐकवते.