खिडकी बंद होते तेव्हा

[दृश्य: सरकारी इमारतीबाहेर वळणं घेत गेलेली रांग. काहींनी घडीच्या खुर्च्या आणल्यात.]

जून 2020. अमेरिकेतल्या केंटकी राज्याची राजधानी, फ्रँकफर्ट. साथीत काम गेलेली शेकडो माणसं इथं ताटकळत उभी आहेत. काहीजण राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून गाडी हाकत आलेत. बेकारी भत्त्याचा ऑनलाइन अर्ज केव्हाच भरून झालाय. फोन लागत नाही, लागला तर कटतो.

यांना पैसे हवेत, हे उघडच आहे. पण त्याआधी एक माणूस हवाय, जो संगणकावर यांची फाईल उघडेल आणि ती नेमकी कुठं अडलीय ते सांगेल. पूर्वी असा माणूस जवळपासच्या कार्यालयात भेटायचा. साथ येण्याच्या काही वर्षं आधी राज्यानं अनेक ठिकाणची ही सोय गुंडाळली होती.

[दृश्य: अर्जाच्या एका रकान्यावर कॅमेरा जवळ जातो.]

फाईल अडायला फार काही लागत नाही. हा रकाना बघा. नोकरी का सुटली? कामगार लिहितो, ‘कामावरून कमी केलं’. कंपनीकडून उत्तर जातं, ‘स्वतःहून सोडली’. दोन उत्तरं जुळत नाहीत आणि स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता सहसा मिळत नाही. झालं, पैसे थांबले. वेबसाइटवर एकच ओळ दिसत राहते: तपासणी चालू आहे. आठवडाभर तीच, महिनाभर तीच.

खिडकीवर हाच माणूस आला, तर खिशातून कंपनीचं पत्र काढून पुढं सरकवतो. कारकून ते वाचतो, प्रत काढून घेतो, आणखी काय जोडायचं ते सांगतो. कधीकधी वसकन अंगावरही येतो. या कार्यालयांचं कौतुक सांगायला आम्ही बसलेलो नाही, तिथल्या बाकांवर लोकांचे दिवसच्या दिवस गेलेत. पण पत्र दाखवायला निदान समोर कुणीतरी असतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. टोप्या घातलेले कामगार.]

ही कार्यालयं उभी राहिली, तीच मुळी वणवण थांबवण्यासाठी. ब्रिटनमध्ये 1909 साली कायदा झाला आणि 1 फेब्रुवारी 1910 रोजी पहिली सरकारी रोजगार कार्यालयं उघडली. तेव्हा व्यापार खातं विन्स्टन चर्चिल यांच्याकडे होतं आणि कार्यालयांची घडी बसवत होते विल्यम बेव्हरिज. तोवर काम शोधायचं म्हणजे एका कारखान्याच्या दारातून दुसऱ्या कारखान्याच्या दारात जायचं आणि ‘आज काही नाही’ ऐकून परतायचं. पुढं 1911 च्या कायद्यानं बेकारीचा विमा आला, आणि त्याचे पैसेही याच कार्यालयांतून मिळू लागले.

1948 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं रोजगार सेवेवर एक करार मंजूर केला, क्रमांक 88. त्यात स्पष्ट म्हटलंय की देशाच्या प्रत्येक भागाला पुरतील इतकी स्थानिक कार्यालयं हवीत आणि ती कामगारांना, मालकांना सोयीच्या जागी हवीत.

सोयीची जागा कुणी ठरवायची, हा मात्र मोठा प्रश्न आहे.

[दृश्य: ग्लासगो. पाऊस. बसथांबा.]

डिसेंबर 2016. ग्लासगो शहरातल्या 16 पैकी 8 रोजगार केंद्रं बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारनं मांडला. गरिबी आणि बेकारी इथल्या अनेक वस्त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. सरकारची फूटपट्टी अशी: दुसरं केंद्र 3 मैलांच्या आत असेल, किंवा सार्वजनिक वाहनानं 20 मिनिटांत गाठता येत असेल, तर लोकांचं म्हणणं मागवायची गरज नाही. अंतरं गूगल मॅप्सवर मोजली, अशी टीका तेव्हा बरीच झाली.

नकाशावरची 20 मिनिटं आणि कडेवर पोर घेऊन, बस बदलत काढलेली 20 मिनिटं एक नसतात. त्यात भेटीची वेळ चुकली तर भत्ता कापला जाऊ शकतो. म्हणजे कार्यालय लांब नेलं सरकारनं, आणि उशिराचा दंड भरायचा बेकारानं! विरोधानंतर यादी थोडी आखडली, तरी 6 केंद्रांना टाळं लागलंच.

[दृश्य: बंद शटर. मग दुसऱ्या एका कार्यालयातली गच्च भरलेली बाकं.]

कार्यालय बंद झालं की पुढं काय होतं, याचा एक नीट अभ्यास अमेरिकेत झालाय. तो बेकारी भत्त्याचा नाही, अपंगत्व भत्त्याचा आहे, पण खिडकी तशीच. मानसी देशपांडे आणि युए ली या अर्थतज्ज्ञांनी सामाजिक सुरक्षा कार्यालयं बंद झालेले भाग तपासले. तिथं लाभार्थी 16 टक्क्यांनी घटले आणि ही घट टिकून राहिली. कमी शिकलेल्यांना फटका जास्त बसला. केवळ अंतर वाढलं म्हणून हे झालं नाही. शेजारच्या कार्यालयावर गर्दी लोटली, त्याचा वाटा मोठा होता. एक खिडकी मिटली आणि तिची रांग पुढच्या खिडकीवर जाऊन पडली.

सरकारी कागदावर मात्र ही घट चक्क बचत दिसते. अर्ज कमी आले, म्हणजे गरज कमी झाली असणार. मग आणखी एक कार्यालय कशाला हवं?

आणि जे आले नाहीत, ते गेले कुठं?

[दृश्य: गावातला रस्ता. खिडकीच्या काचेतून.]

ऑस्ट्रियातलं मारिएनथाल. व्हिएन्नाजवळचं गिरणीचं गाव. 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे संशोधक तिथं पोहोचले. त्यांनी खिडकीआड बसून, हातात घड्याळ धरून, रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालायचे, मध्येच थांबायचे. वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं तर निम्म्यावर आली होती. वेळच वेळ होता हाताशी, तरीही! बेकारी लांबली की माणूस चार ठिकाणी जास्त धडपडेल, असं आपण धरून चालतो. मारिएनथालमध्ये बहुतेकांनी हातपाय गाळले होते. अशा माणसाला ‘वेबसाइटवर जा, पासवर्ड बदला, ओळखपत्राचा फोटो टाका’ असं सांगितलं, तर तो पहिल्या पायरीवरच सोडून देतो. त्याची तक्रारही कुठं नोंदली जात नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. निम्मी रिकामी इमारत, चढं भाडं, दिवसाकाठी मोजकी माणसं. ज्याचा अर्ज सरळ आहे त्यानं घरबसल्या भरावा. त्याला हेलपाटे घालायला लावणं हा शुद्ध छळ आहे. मग इमारत तीच हवी, हा हट्ट कशाला?

[दृश्य: स्वीडन. एकाच काउंटरवर अनेक खात्यांच्या पाट्या.]

स्वीडनच्या रोजगार खात्यानं 2019 साली अनुदान कापलं गेल्यावर देशभरातली निम्म्याहून अधिक कार्यालयं बंद करायचं ठरवलं. सुमारे 240 पैकी 130. लहान गावांतून ओरड झाली. आता अनेक ठिकाणी सामाईक सेवा केंद्रं आहेत: कर, निवृत्तिवेतन, सामाजिक विमा आणि रोजगार, सगळ्यांना मिळून एक छप्पर. भाडं वाटलं जातं, गावातली खिडकी टिकते.

आमच्या मते वाट हीच आहे, पण एका अटीवर. काउंटरवरच्या माणसाला अडलेली फाईल उघडायचा, कागद दाखल करून घ्यायचा आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला तिथूनच फोन लावायचा अधिकार हवा. नाहीतर तो संगणक फिरवून समोरच्याला तीच वेबसाइट दाखवणार.